जुन्या फरशीवर नवी फरशी

फरशीवरच फरशी बसवायची, हे ऐकायला नवल वाटते. पण आपल्या आयाबायांनी जन्मभर दुसरे काय केले? जमीन सारवली. आठ दिवसांनी त्याच सारवणावर पुन्हा शेणाचा हात फिरवला. थरावर थर चढत गेले. मध्येच एखादा पोपडा सुटला, तर नुसता वरून हात फिरवून भागत नसे. पोपडा खरवडायचा, खालची जमीन झाडायची, पाणी शिंपडायचे, मग सारवायचे. नाही तर चार दिवसांत तो थर पापडासारखा उचलून येई. हे त्यांना कोणी शाळेत शिकवले नव्हते.

आता घरोघर टाईल आली. सामान बदलले, रीत मात्र तीच आहे. खालचे घट्ट असेल, तर वरचे टिकेल.

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या काठाशी मौदा लागते. तालुक्याचे गाव. भोवताली धानाची शेती. जवळच मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. २०१३ साली ते वीज देऊ लागले. या भागात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी घरे बांधली, त्यांनी खाली शहाबादी घातली, कोणी मोझॅक घातली, कोणी सिमेंटचा नुसता कोबा केला. आता कोपरे उडाले आहेत. दरजा काळ्या पडल्या आहेत. घरात लग्न निघाले, की फरशीचा विषय निघतोच.

मिस्त्री येतो. उभ्या उभ्या विचारतो, "उखडायची का वरूनच टाकून देऊ?"

या एका प्रश्नावर बरेच पैसे अवलंबून असतात. म्हणून उत्तर घाईने देऊ नये. आधी हिशोब करू या.

खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब धरा. म्हणजे १२० चौरस फूट. जुनी फरशी आणि तिच्या खालचा मसाला मिळून अडीच इंच जाडी असते असे समजू. ती सगळी उखडली तर २५ घनफूट मलबा निघतो. म्हणजे पाव ब्रास. आणि फोडलेला मलबा फुगतो, तो ढीग आणखी मोठा दिसतो. तो कोण उचलणार? कुठे टाकणार? फोडायची मजुरी, नेण्याचे भाडे, पुन्हा खाली घालायला रेती आणि सिमेंट. शिवाय चार-सहा दिवस घरभर धूळ. चूल बाहेर मांडावी लागते. घरात दमेकरी म्हातारा असला, तर त्याचे हाल विचारू नका.

वरून टाकली, तर हे सगळे वाचते. पण वाचते ते केव्हा? खालची फरशी धड असेल तेव्हाच. नाही तर नव्या फरशीचे पैसे जातात, आणि दोन वर्षांनी दोन्ही थर उखडावे लागतात ते वेगळेच.

म्हणून पहिले काम, खालची फरशी वाजवून पाहणे. मडके घेताना आपण टिचकी मारतो की नाही? तसेच. लाकडी दांडा घ्या, किंवा करणीची मूठ. एकेक फरशी चार कोपऱ्यांना आणि मध्ये ठोका. घट्ट बसलेली फरशी ठक्क वाजते. खाली पोकळी असली, तर भद्द आवाज येतो, किंवा डबा वाजवल्यासारखा खणखण येतो. पोकळ वाजेल तिच्यावर खडूने फुली मारा. हे काम घरच्या माणसाने स्वतः करावे. कान सगळ्यांना असतात.

"बाई, या कोपऱ्यात आवाज पोकळ येऊन राहिला," असे मिस्त्री म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. तो तुमचे पैसे वाचवतो आहे. दहात एखादी फरशी पोकळ असली, तर तेवढी काढून जागा सपाट भरून घेता येते. पण चारांत एक पोकळ निघाली, तर आमचे मत विचाराल तर सरळ सगळी उखडावी. तिथे वरून झाकणे म्हणजे कुजक्या वाशावर नवी कवेलू चढवणे.

दुसरी परीक्षा भेगांची. एखादी फरशी वरून काही पडल्याने फुटली असेल, तर ती गोष्ट वेगळी. पण भेग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, फरशांमागून फरशा चिरत गेली असेल, तर दोष फरशीचा नाही, खालच्या जमिनीचा आहे. नागपूर जिल्ह्यात काळी माती पुष्कळ. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हातभर भेगा पडतात, त्या आपण पाहतोच. तीच माती घराखाली असते. घर बांधताना तिच्यावर मुरूम घालून नीट चोपला नसेल, तर फरशी दरसाल वरखाली होते. तिच्यावर कितीही महाग टाईल घाला, भेग त्याच रेषेवर पुन्हा उमटेल. इथे उखडणे आणि खालून भराव पक्का करणे, याला दुसरा इलाज नाही.

तिसरी परीक्षा ओलीची. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटी पेंचच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि कन्हानला मोठा पूर आला. मौदा तालुक्यात नदीकाठच्या गावांत पाणी घरात शिरले. असे पुराचे पाणी फरशीखाली गेले की खालचा भराव बसतो, माती वाहून जाते आणि वरची फरशी अधांतरी राहते. वरून काही दिसत नाही. अशा घरात ठोकून पाहणे दुप्पट जरुरीचे. पूर आला नसला तरी काही घरांत जमिनीतून ओल चढते. दरजांतून पांढरी भुकटी वर येते. आपण त्याला लोणा म्हणतो. ओल आहे का, हे कळायला सोपी युक्ती आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा फरशीवर पसरा. चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस, एक रात्र राहू द्या. मग उचला. आतून घाम आला असेल, तर ओल खालून येते आहे. तिचा बंदोबस्त आधी, फरशी मागून.

आता उंचीचा प्रश्न. इथेच पुष्कळ लोक फसतात. नवी टाईल आणि तिच्याखालचा मसाला मिळून जमीन अर्धा इंच ते पाच सूत वर येते. आठ सुतांचा एक इंच, हे गवंड्याचे माप आपल्याला ठाऊक आहेच. पाच सूत म्हणजे काय मोठे, असे वाटते. पण दार उघडत नाही! लाकडी दार असेल तर सुतार खालून रंधा मारून देईल. पत्र्याचे दार, लोखंडी चौकट असेल, तर कापायला वेल्डिंगवाला लागेल. तो खर्च आधी धरा. दाराखाली किती फट आहे, ते मापूनच कामाला लागा.

दुसरे असे की एकाच खोलीत फरशी घातली, तर त्या खोलीच्या दारात अर्ध्या इंचाची पायरी तयार होते. मोठी पायरी डोळ्यांना दिसते, माणूस पाय उचलतो. अर्ध्या इंचाची दिसत नाही. तिथे म्हातारीचा अंगठा अडतो. पडलेल्या म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले, म्हणजे फरशीचा सगळा हिशोब बाजूलाच राहतो. म्हणून जोडावर उतरती पट्टी बसवून घ्यावी. जिन्याचेही तसेच. खालची जमीन वर आली की पहिली पायरी तेवढी बुटकी होते. सवयीचा पाय तिथे चुकतो.

न्हाणीघर आणि संडास यांचे काम तर आणखी जपून. न्हाणीत पाण्याला ढाळ हवा. वरून फरशी घालताना ढाळ राखला नाही, तर पाणी दाराकडे येते. पाणी जायची जाळी जुन्या उंचीवर असते, ती वर उचलून घ्यावी लागते. जाळीखालच्या भांड्याला इंजिनिअरसुद्धा नहाणी ट्रॅप म्हणतात. आपला शब्द त्यांच्या पुस्तकात जाऊन बसला आहे. संडासाचे भांडे जमिनीच्या पातळीला बसवलेले असते. भोवती जमीन उंच केली, तर भांडे खड्ड्यात जाते आणि घाण पाणी साचते. आमच्या मते संडासात वरून फरशी घालूच नये, जुनी उखडूनच नवी घालावी.

वजनाचे काय? टाईल आणि मसाला मिळून एका चौरस फुटाला सुमारे अडीच किलो भार येतो. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो तीन क्विंटल झाला. खाली जमीन असेल तर चिंता नाही. चांगल्या पक्क्या स्लॅबलाही सहसा जड नाही. पण स्लॅबच्या सळ्या गंजून खालचा गिलावा गळत असेल, तर त्याच्यावर आणखी ओझे टाकू नका. आणि लाकडी माडीवर तर मुळीच नको.

इतके सगळे पाहून खालची फरशी पास झाली, असे धरू. आता ती धड आहे, पण गुळगुळीत आहे. हीच खरी अडचण.

कोबा विटेवर कसा धरतो? वीट खडबडीत असते, पाणी पिते. सिमेंटचे पाणी तिच्या बारीक भोकांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. झाडाची मुळे मातीत जातात तसे. चकचकीत टाईल पाणी पीतच नाही. व्हिट्रिफाइड म्हणून जी टाईल मिळते, ती भट्टीत सुमारे १,२०० अंशांच्या उष्णतेत भाजलेली असते. शंभर किलो टाईल भिजवली, तरी ती अर्धा किलोसुद्धा पाणी पीत नाही. देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाईल गुजरातमध्ये मोरबीच्या आसपास होतात, आणि तिथून ट्रकने आपल्या दुकानात येतात. अशा टाईलवर साधा रेती-सिमेंटचा मसाला टाकला, तर मुळे धरायला जागाच नाही. मसाला सुकतो, घट्ट होतो, पण चिकटत नाही. वर्ष-सहा महिन्यांत फरशी पोकळ वाजू लागते. पुष्कळ गवंडी अजून सवयीने हेच करतात. त्यांना अडवा.

यासाठी वेगळा मसाला मिळतो. दुकानात त्याला टाईल अॅढेसिव्ह म्हणतात. त्यात सिमेंट असते, बारीक रेती असते, आणि धरून ठेवणारे रसायन असते. पण यातही प्रकार आहेत. स्वस्तातला प्रकार कोब्यावर चालतो, जुन्या टाईलवर चालत नाही. म्हणून पिशवी वाचून घ्या. जुन्या फरशीवर चालेल, असे पिशवीवर छापलेले हवे. आय. एस. १५४७७ हा सरकारी मानकाचा आकडा पाहा. बनवल्याचा महिना पाहा. जुनी, दगड झालेली पिशवी घेऊ नका. छापलेली अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. तरी आकडे ओळखता येतात. बाकीचे दुकानदाराकडून वाचून घ्या, आणि हे जुन्या टाईलवर चालेल असे बिलावर लिहून मागा.

मसाल्याआधी सफाई. स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे तेलाचा हात फिरलेला असतो. देवघरासमोर तूप सांडलेले असते. कोणी फरशीला मेण लावून चमक आणलेली असते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून काढा, दोन-तीन पाण्यांनी धुवा, पुरते वाळू द्या. अॅसिड मात्र वापरू नका. शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. अॅसिड पडले की ते फसफसतात आणि पृष्ठ सैल होते. मोझॅकमध्येही संगमरवराचे खडे असतात, तिलाही तेच लागू.

मग चकचकीत थर खडबडीत करायचा. ग्राइंडर फिरवून तो घासतात. इथे थोडे थांबू. कारण ही गोष्ट फरशीची नाही, माणसाच्या जिवाची आहे. दगड, टाईल, सिमेंट घासले की पिठाहून बारीक धूळ उडते. तिच्यात सिलिका नावाचा पदार्थ असतो. ही धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत बाहेर येत नाही. फुप्फुसे हळूहळू कडक होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. मध्य प्रदेशात मंदसोर इथे पाटीवर लिहायच्या पेन्सिली दगडातून कापत. गेल्या शतकात तिथल्या कितीतरी कामगारांना या रोगाने ऐन उमेदीत गाठले. लहान मुलांनी अ-आ-ई गिरवले, त्या पेन्सिलींची ही किंमत होती.

म्हणून कोरडे घासू देऊ नका. पाणी मारत घासावे. तोंडाला दुपट्टा बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ म्हणतात तो मास्क हवा, आणि तो कामगाराला घरमालकाने आणून द्यावा. त्यात काही भिकेला लागत नाही. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर शॉकची भीती असते. यंत्राची वायर कुठे सोललेली नको, जोड पाण्यात पडलेला नको, आणि घरात वीज आपोआप तोडणारे सुरक्षा-बटण असावे. लहान मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. गुळगुळीत फरशीसाठी लावायचे प्रायमरही मिळते. ते लावून घासणे टळत असेल, तर आम्ही तेच पसंत करू.

आता प्रत्यक्ष बसवणे. मसाला कालवताना बादलीत आधी पाणी, मग भुकटी. पाणी किती, ते पिशवीवर लिहिलेले असते. अंदाजाने ओतू नका. कालवून पाच मिनिटे ठेवा, पुन्हा कालवा. सगळी पिशवी एकदम कालवू नये. आपल्याकडचा उन्हाळा माहीत आहे. पंचेचाळीस अंशांत मसाल्यावर भराभर साय धरते, दुधावर धरते तशी. बोट लावून पाहा. बोटाला मसाला लागला तर ठीक. नाही लागला, तर तो खरवडून फेका. त्यात पाणी घालून पुन्हा जिवंत करता येत नाही. म्हणून एका वेळी दोन-तीन टाईलपुरताच पसरावा. वैशाखात काम असेल तर दुपारी थांबावे, सकाळ-संध्याकाळ करावे.

पसरायला दाते असलेली थापी लागते. तिने मसाल्यात नांगराच्या तासासारख्या सरळ रेघा उमटतात. टाईल दाबली की हवा त्या तासांतून निघून जाते आणि मसाला पाठभर लागतो. टाईलच्या पाठीलाही पातळ हात फिरवावा. काही गवंडी पाठीवर मसाल्याचे पाच लाडू ठेवतात. चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक. काम झटपट होते खरे, पण लाडवांच्या मध्ये पोकळी राहते. त्या पोकळीवर धानाच्या ड्रमचा किंवा खाटेचा पाय आला, की टाईल तडकते. आठ-दहा टाईल बसल्या की एक ओली असतानाच उचलून उलटी करून दाखवायला सांगा. पाठ भरलेली दिसली पाहिजे.

टाईल एकमेकींना चिकटवून बसवू नका. मध्ये दरज हवी. दरज सारखी राहावी म्हणून प्लास्टिकचे छोटे तुकडे मिळतात, ते कोपऱ्यांत घालतात. भिंतीच्या कडेनेही दोन सूत जागा मोकळी सोडायची. उष्णतेने सगळे पदार्थ किंचित वाढतात. रेल्वेच्या रुळांत फटी सोडत, त्या याचसाठी. जागा नसली, तर वाढलेल्या टाईल एकमेकींना रेटतात आणि एखाद्या दुपारी धाडकन दोन टाईल तंबूसारख्या उभ्या राहतात. घरातले लोक घाबरतात, भुताटकी म्हणतात. भूत कसले? दोन सूत जागा सोडली नाही, एवढेच. भिंतीकडची ती फट वरून स्कर्टिंगने झाकली जाते.

बसवून झाल्यावर एक दिवस कोणी पाय ठेवू नये. कोंबड्या आणि शेजारचे पाहुणे, दोघांनाही अडवा. दुसऱ्या दिवशी दरजा भराव्यात. कोब्यासारखे यावर पाणी साचवून ठेवायचे नसते. आठवडाभर कपाट, ड्रम, चक्की अशा जड वस्तू आत आणू नयेत.

टाईल कोणती घ्यावी? दुकानात आरशासारखी चमकणारी मन ओढून घेते. बैठकीत शोभते. पण ओसरीवर, मोरीजवळ, न्हाणीत ती घालू नका. पावसाळ्यातले ओले पाय आणि चकचकीत टाईल यांचे जमत नाही. तिथे खरखरीत घ्या. पुसायला थोडे श्रम पडतील, ते चालेल.

खरेदीचा हिशोब असा. खोक्यावर ६०० × ६०० असे लिहिलेले असते. हे मिलिमीटर आहेत. म्हणजे जवळजवळ दोन फूट बाय दोन फूट. अशा खोक्यात बहुधा चार टाईल असतात आणि त्या साडेपंधरा चौरस फूट जागा व्यापतात. आपली खोली १२० चौरस फूट. कापाकापीत आणि फुटीत जाईल म्हणून दहावा हिस्सा जास्त धरा. १३२ झाले. साडेपंधराने भागले की साडेआठ येतात. म्हणजे नऊ खोकी. वीस किलोच्या मसाल्याच्या पिशवीत सपाट जमिनीवर चाळीस ते पन्नास चौरस फूट काम होते. तीन पिशव्या लागतील. खाली उंचसखल असेल, तर जास्त.

मिस्त्रीशी बोली करताना मजुरी चौरस फुटावर ठरवा. सफाई, घासणे, दरजा भरणे, स्कर्टिंग हे त्यात धरले की नाही, ते आधीच विचारा आणि कागदावर लिहून घ्या. दोघांचीही सही असू द्या. शेवटचा हप्ता थोडा राखून ठेवावा. आठ दिवसांनी तोच लाकडी दांडा घेऊन नवी फरशी ठोकून पाहा. पोकळ वाजेल ती मिस्त्रीने बदलून द्यावी, हेही कागदात घाला. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

खोकी घरी आल्यावर सगळ्यांवरचा बॅच नंबर सारखा आहे का, ते ताडून घ्या. एकाच नावाच्या टाईलमध्ये दोन भट्ट्यांचा रंग थोडा निराळा येतो, आणि तो फरक बसवल्यावरच दिसतो. काम झाल्यावर उरलेल्या चार-पाच टाईल फेकू नका किंवा कोणाला देऊ नका. खाटेखाली उभ्या करून ठेवा, आणि खोक्याचा बॅच नंबर लिहिलेला तुकडा फाडून त्यांच्यासोबत बांधा. पुढे एखादी फुटली, तर त्या रंगाची टाईल बाजारात मिळत नाही.